कयाधूच्या गढूळ पाण्याचा हिशेब

पाणलोटाचे संगणकीय मॉडेल म्हणजे पावसाच्या पाण्याची आणि त्याच्याबरोबर निघालेल्या मातीची खतावणी. आकाशातून किती पाणी पडले, त्यातले किती मुरले, पिकाने किती उचलले, ओढ्याला किती लागले, वाटेत त्याने किती माती, खत आणि घाण सोबत घेतली आणि ती कुठे नेऊन टाकली, याची दिवसागणिक नोंद या खतावणीत होते. प्रत्यक्ष मोजमापे थोडी असतात. मधल्या रिकाम्या जागा सूत्रांनी भरल्या जातात. शेतातून गेलेली माती पुराच्या गढूळ पाण्यात डोळ्यांना दिसते, पण ती कोणत्या शिवारातली, वाटेत किती बसली आणि धरणापर्यंत किती पोचली, हे नदीकाठी उभे राहून सांगता येत नाही. ते सांगण्याचा प्रयत्न मॉडेल करते.

हिंगोली जिल्ह्याचा नकाशा अशा अभ्यासासाठी फार बोलका आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. उत्तरेच्या आणि पूर्वेच्या कडेने पैनगंगा, दक्षिणेला पूर्णा आणि मधून कयाधू. कयाधू वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात उगम पावते, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी या तालुक्यांतून वाहते आणि पुढे नांदेड जिल्ह्यात पैनगंगेला मिळते. त्यामुळे जिल्ह्यातल्या मधल्या उंचवट्यावर शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांच्या वाटा फार लांब फाकतात. दक्षिणेला घरंगळलेला थेंब पूर्णेतून कंठेश्वरजवळ गोदावरीत जातो. उत्तरेला वळलेला थेंब कयाधू, पैनगंगा, वर्धा, प्राणहिता असा विदर्भाला वळसा घालतो आणि सिरोंच्याजवळ गोदावरीला भेटतो. कोणता थेंब कोणत्या बाजूचा हे ठरवणारी रेषा ही पाणलोटाची हद्द. मॉडेलचे पहिले काम ती आखण्याचे.

पूर्वी ही रेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरच्या समोच्च रेषा वाचून हाताने काढत. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अंतराळयानातून रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली गेली. २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ या भारतीय उपग्रहाच्या जोडचित्रांवरूनही तसाच उंचीनकाशा तयार झाला. अशा नकाशात जमीन साधारण ३० मीटरच्या चौकटींत विभागलेली असते. प्रत्येक चौकटीच्या आजूबाजूच्या आठांपैकी सर्वांत सखल कोणती हे संगणक शोधतो आणि पाणी तिकडे ढकलतो. सेनगाव, औंढ्याच्या डोंगराळ भागात ही युक्ती चांगली चालते. वसमतच्या सपाट काळ्या रानात मात्र उंचीतली मीटर-दोन मीटरची चूकही ओढ्याची दिशा बदलून टाकते. पूर्णा प्रकल्पाचे कालवे, रस्त्यांचे भराव, खोल गेलेल्या पाणंदी हे सारे पाणी अडवतात किंवा वळवतात, आणि ३० मीटरच्या चौकटीत यांतले बरेचसे दिसतच नाही. म्हणून नकाशा तयार झाल्यावर गावकऱ्यांबरोबर शिवारफेरी करणे हा या कामाचा गाभ्याचा भाग आहे. पाणी कुठून येते आणि कुठे तुंबते हे ज्याचे रान चिबडते त्याला पक्के ठाऊक असते.

नावांचीही काळजी घ्यावी लागते. महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या दोन मोठ्या नद्या आहेत. एक विदर्भातली, तापीला मिळणारी; दुसरी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून मराठवाड्यातून गोदावरीकडे जाणारी. ‘पूर्णा खोरे’ एवढेच लिहिलेली आकडेवारी हिंगोलीसाठी वापरण्याआधी ती कोणत्या पूर्णेची हे पाहिले नाही, तर पुढचा सगळा हिशेब परक्या नदीचा होतो.

मातीच्या धुपेचे सर्वांत जास्त वापरले जाणारे सूत्र अमेरिकेतून आले. वॉल्टर विश्मायर आणि ड्वाइट स्मिथ या अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये ते पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले आणि १९७८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. त्यामागे प्रयोगप्लॉटांवर वर्षानुवर्षे घेतलेल्या मोजणीचा प्रचंड साठा होता. प्रमाण मानलेला प्लॉट २२.१३ मीटर लांबीचा, ९ टक्के उताराचा आणि सतत नांगरून उघडा ठेवलेला. प्रत्यक्ष शेतातली धूप या प्लॉटच्या तुलनेत काढायची असते. त्यासाठी पावसाचा मारा, मातीचा धुपण्याचा स्वभाव, उताराची लांबी, त्याचा चढ, जमिनीवरचे आच्छादन आणि बांधबंदिस्ती अशा सहा गोष्टींचे आकडे एकमेकांशी गुणले जातात. गुणाकार असल्यामुळे यांतला एक आकडा निम्मा झाला की उत्तरही निम्मे होते. या सूत्रानुसार ३ टक्के उताराच्या शेताचा चढाचा आकडा ९ टक्के उताराच्या तुलनेत जेमतेम पाव भरतो. अशा मध्यम उतारावर उताराला आडवी पेरणी केली, तर बांधबंदिस्तीचा आकडा ०.५ धरतात, म्हणजे दुसरे काहीही न बदलता धूप निम्म्यावर येते.

हिंगोलीच्या संदर्भात या सहांपैकी आच्छादनाचा आकडा सर्वांत अधिक बोलतो. खरिपात जिल्ह्याचा मोठा भाग सोयाबीनखाली असतो. उन्हाळी नांगरट झालेली, वखरलेली जमीन मिरगाच्या पावसाला पूर्ण उघडी असते. वाफसा आल्यावर पेरणी होते आणि पिकाच्या पानांनी ओळींमधली जागा झाकायला त्यानंतर सहा-सात आठवडे लागतात. थेंबाचा मार सर्वांत जास्त लागतो तो याच काळात. कोरड्या ढेकळावर जोराने आदळलेला थेंब मातीचे कण फोडून उडवतो, बारीक कण छिद्रांत बसतात, वर पापुद्रा धरतो आणि पुढचे पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात सोयाबीन निघाले की रान पुन्हा उघडे पडते आणि परतीचा पाऊस गाठतो. वर्षभराच्या सरासरीत हे दोन्ही धोके दडून जातात. म्हणून रोजच्या रोज हिशेब करणारी मॉडेल या भागासाठी वार्षिक सूत्रापेक्षा जास्त उपयोगाची. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग ज्या रुंद वरंबा-सरी पेरणीचा आग्रह धरतात तिचा परिणामही अशा मॉडेलमध्ये घालून पाहता येतो, कारण सरी म्हणजे शेवटी पाण्याचा वेग कमी करणारी आणि ओल धरणारी रचना.

किती पाणी वाहील हे ठरवण्यासाठी बहुतेक मॉडेल ‘कर्व्ह नंबर’ पद्धत वापरतात. अमेरिकेच्या मृदसंधारण सेवेने १९५० च्या दशकात ती बसवली. जमिनीला ० ते १०० मधला एक क्रमांक दिला जातो. क्रमांक जितका मोठा तितके पाणी जास्त वाहणार. ओळीत पेरलेल्या भारी काळ्या जमिनीचा क्रमांक ९० च्या आसपास जातो. मूळ सूत्राने हिशेब केला तर अशा जमिनीवर एका दिवसात ६० मिलिमीटर पाऊस पडल्यास सुमारे ३६ मिलिमीटर वाहून जातो. तेच ६० मिलिमीटर ३०-३० असे दोन वेगळ्या दिवशी, मधे रान सुकल्यावर, पडले तर वाहून जाणारे पाणी २३ मिलिमीटरच्या घरात येते. क्रमांक ७५ असलेल्या, गवत-झुडपांनी झाकलेल्या जमिनीवर एका दमात पडलेल्या ६० मिलिमीटरांतूनही १५ मिलिमीटरच निघतात. पावसाच्या एकूण बेरजेवरून धुपेचा अंदाज का बांधू नये, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

पण काळी माती या सूत्रात सहज बसत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते. रान पाणी पिते, ओढ्याला काहीच येत नाही. चार-पाच पावसांनंतर माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन चिकट थापीसारखी बंद होते. आता निम्म्याहून जास्त पाणी वाहू शकते. भारतीय अभियंत्यांनी म्हणून सूत्रातला सुरुवातीच्या मुरण्याचा वाटा बदलून घेतला. मूळ पद्धतीत तो जमिनीच्या साठवणक्षमतेच्या ०.२ पट धरतात. भारतात कोरड्या काळ्या मातीला ०.३ आणि ओल धरलेल्या काळ्या मातीला ०.१ वापरण्याची शिफारस आहे. आकडा छोटा दिसतो, पण परक्या जमिनीवर तयार झालेले सूत्र मराठवाड्याच्या रानात चालवायचे असेल तर अशी दुरुस्ती टाळून भागत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेचे मृदानकाशे इथे पायाभूत ठरतात. गावातली भारी काळी, मध्यम, मुरमाड आणि बरड अशी जी वर्गवारी लोक करतात ती मातीची खोली आणि पोत यांवरच बेतलेली असते, आणि मॉडेलला नेमके तेच हवे असते.

धुपलेली सगळी माती नदीत जात नाही. ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये देशासाठी केलेला अंदाज आजही उद्धृत होतो. दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६.३५ टन माती जागची हलते; त्यातली सुमारे ६१ टक्के जवळपासच कुठेतरी बसते, २९ टक्के समुद्रात जाते आणि १० टक्के धरणांत साठते. एक हेक्टरवरून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तर १२-१३ टन माती जाते, तेव्हा ही सरासरी वर्षाला एक मिलिमीटरहून थोडी जास्त भरते. डोळ्यांना न जाणवणारी. पण बेसाल्टच्या कातळापासून एवढीच माती पुन्हा तयार व्हायला वर्षामागून वर्षे जातात. डोंगरपायथ्याच्या हलक्या रानांत मुळात वीतभरच माती असते; तिथे मिलिमीटराचा हिशेब फार लवकर मुरमापर्यंत पोचतो.

धरणांचा १० टक्के वाटा हिंगोलीत डोळ्यांसमोर आहे. पूर्णेवर परभणी-हिंगोलीच्या सीमेलगत येलदरी आणि तिच्या खाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर ही पूर्णा प्रकल्पाची दोन धरणे आहेत. पैनगंगेवर यवतमाळ आणि हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेवर इसापूर. येलदरीचा एकूण साठा सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर आणि त्यातला उपयुक्त सुमारे ८१०. सिद्धेश्वरचा एकूण साठा सुमारे २५१, उपयुक्त मात्र ८१ च. धरण आखताना तळाचा मृतसाठा गाळासाठी सोडलेला असतो असा सर्वसाधारण समज आहे. गाळ मात्र ही वाटणी पाळत नाही. पाणी धरणात शिरते त्या तोंडापाशीच वेग मोडतो, जाड वाळू-रेती तिथेच बसते आणि उपयुक्त साठ्याची जागा खाते. बारीक चिकणमाती तेवढी भिंतीपर्यंत पोचते. येलदरी आणि सिद्धेश्वर यांचे नातेही मॉडेलमध्ये वेगळे मांडावे लागते. वरच्या खोऱ्याचा बहुतेक गाळ येलदरी अडवते, त्यामुळे सिद्धेश्वरला मुख्यतः दोन धरणांच्या मधल्या पाणलोटाचा गाळ मिळतो. वरचे धरण न धरता केलेला हिशेब सिद्धेश्वरच्या माथी भलताच गाळ मारील.

धरणातला गाळ प्रत्यक्ष मोजण्याची एक सुंदर पद्धत उपग्रहांनी दिली आहे आणि नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था ती वापरते. धरण भरलेले असल्यापासून उन्हाळ्यापर्यंत पाण्याची पातळी उतरत जाते. प्रत्येक पातळीला पाण्याचा पसारा किती हे उपग्रहचित्रावरून मोजायचे आणि धरण बांधतानाच्या नोंदीशी ताडून पाहायचे. त्याच पातळीला आज पसारा कमी भरला, तर तेवढी जागा गाळाने घेतली. मॉडेलने वर्तवलेला गाळ खरा की खोटा हे तपासायला याहून भरवशाचा साक्षीदार क्वचितच मिळतो.

माती एकटी जात नाही. स्फुरद मातीच्या बारीक कणांना चिकटून बसते, म्हणून धूप झाली की तेही ओढ्यात उतरते. नत्राची गोष्ट उलटी: नायट्रेट पाण्यात विरघळते आणि मुरणाऱ्या पाण्याबरोबर विहिरी-बोअरपर्यंत झिरपते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद हे आठ-नऊ महिन्यांचे, बागायती आणि खताची भूक असलेले पीक. ते गादीवाफ्यावर, ठिबकवर घेतले की माती फारशी जात नाही, पण दिलेल्या नत्राचा किती भाग पिकाने उचलला आणि किती खाली उतरला हा प्रश्न उरतो. एकाच शेतात धुपेचे उत्तर चांगले आणि झिरपण्याचे वाईट असू शकते. म्हणूनच पाण्याच्या गुणवत्तेचे मॉडेल माती, पाणी आणि पीक यांचा हिशेब एकत्र मांडते.

गावा-शहरांच्या सांडपाण्याचे गणित याहून जुने आहे. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो नदीसाठी ते मांडले. घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. हवेतून प्राणवायू पुन्हा विरघळतो. या दोन वेगांच्या ओढाताणीत सांडपाणी मिसळण्याच्या जागेपासून काही अंतरावर प्राणवायूचा तळ गाठला जातो आणि पुढे नदी सावरत जाते. ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो, म्हणजे उन्हाळ्यात नदीची ऐपतच कमी असते. त्यात कयाधू ही पावसाळी नदी. तिचा प्रवाह आटला की काठच्या वस्तीचे सांडपाणी पातळ करायला पाणीच उरत नाही आणि डोहांत साचलेले पाणी वाहत्या नदीच्या सूत्रात बसत नाही. पहिल्या पुराबरोबर ही सगळी साठलेली घाण एकदम खाली सरकते.

हे सारे धागे एकत्र विणणारे सर्वाधिक प्रसिद्ध मॉडेल ‘स्वॅट’. जेफ अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सासमध्ये ते तयार केले; ते मोफत मिळते. पाणलोटाचे छोटे उपपाणलोट आणि त्यांतही सारखी माती, सारखे पीक आणि सारखा उतार असलेले तुकडे पाडून प्रत्येकाचा रोजचा ताळेबंद ते मांडते. धुपेसाठी त्यात विल्यम्स यांनी १९७५ मध्ये सुधारलेले सूत्र आहे, ज्यात पावसाच्या माऱ्याऐवजी वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण आणि जोर धरला जातो. दिल्लीच्या आयआयटीतल्या अभ्यासकांनी हवामानबदलाचा देशातल्या नदीखोऱ्यांवर काय परिणाम होईल हे पाहायला हेच मॉडेल वापरले.

हिंगोलीच्या गावांपर्यंत मॉडेल पोचले ते वेगळ्या वाटेने. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘पोकरा’त, राज्यातले १५ जिल्हे होते आणि हिंगोली त्यांतला एक. या प्रकल्पासाठी मुंबईच्या आयआयटीने गावपातळीवरच्या पाण्याच्या ताळेबंदाचे मॉडेल तयार केले. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा पाऊस, मातीचा पोत आणि खोली, उतार आणि पीक एवढ्यावरून ते पाणी किती वाहिले, किती मुरले, मातीत किती ओल राहिली आणि पिकाला किती तूट पडली हे दिवसागणिक काढते. त्याचा भर धुपेपेक्षा ओलाव्यावर आहे, तरी महत्त्व मोठे. गावाने किती शेततळी, किती बांध घ्यायचे हे वाहून जाणारे पाणी किती शिल्लक आहे यावरून ठरवण्याची सवय त्यातून लागते. वाहणारे पाणी आधीच अडवलेले असताना आणखी एक बंधारा घातला तर खालच्या गावाचे पाणी तेवढे घटते, हे ताळेबंद स्पष्ट दाखवतो.

कोणतेही मॉडेल प्रत्यक्ष मोजणीशी जुळवून घ्यावे लागते. काही वर्षांच्या नोंदींवर त्याचे आकडे बसवायचे आणि मग वेगळ्या वर्षांवर परीक्षा घ्यायची. जुळणी मोजायला नॅश आणि सटक्लिफ यांचा १९७० चा निर्देशांक वापरतात: १ म्हणजे तंतोतंत, ० म्हणजे नुसती सरासरी सांगितली असती तरी तेवढेच साधले असते. अडचण इथेच आहे. केंद्रीय जल आयोगाची प्रवाह आणि गाळ मोजणारी ठिकाणे मोठ्या नद्यांवर असतात, पैनगंगेवरचे पी. जी. ब्रिज त्यांतले एक. पण तिथले पाणी इसापूरच्या दरवाजांनी आधीच बदललेले असते आणि एकट्या कयाधूचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही. शिवाय पावसाळी नद्यांचा बहुतेक गाळ वर्षातल्या मोजक्या पुरांत जातो. रात्री दोनला येऊन पहाटे ओसरलेला पूर सकाळच्या नमुन्याला सापडत नाही. या कारणांमुळे छोट्या पाणलोटात ‘हेक्टरी किती टन’ या उत्तरापेक्षा ‘कोणत्या शिवारातून जास्त’ या उत्तरावर अधिक भरवसा ठेवता येतो. माथ्यावर समतल चर आधी की पायथ्याला नाला बांध आधी, एवढे ठरवायला तो क्रम पुरेसा असतो.

मोजणीची उणीव भरून काढण्याचा एक साधा मार्ग गावातच आहे. उन्हाळ्यात बंधारा किंवा पाझर तलाव कोरडा पडला की त्यातल्या गाळाची जाडी काठीने, पट्टीने मोजता येते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तर ट्रॅक्टर-टिप्परने किती गाळ निघाला याची नोंद होतेच. समजा, एका बंधाऱ्यामागे अर्ध्या हेक्टरावर एका पावसाळ्यात सरासरी २० सेंटिमीटर गाळ बसला आणि वरचा पाणलोट २०० हेक्टरांचा आहे. गाळ झाला १,००० घनमीटर, म्हणजे सुमारे १,२०० टन. हेक्टरी ६ टन. ही किमान संख्या, कारण बारीक चिकणमाती पुराबरोबर सांडव्यावरून निघून गेलेली असते. तिचा अंदाज बंधाऱ्याची लांबी-रुंदी आणि पुराचा जोर यांवरून मॉडेलमध्ये वेगळा घालतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी काठी रोवून तो पुन्हा तपासतात.